मैफलीतून वर्गात : विष्णु दिगंबरांची दुसरी कारकीर्द

गायकाचे नाव मागे उरते ते बहुधा त्याच्या गाण्यामुळे, किंवा गाणे पुढे नेणाऱ्या शिष्यांमुळे. विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२-१९३१) यांचे नाव मात्र आज प्रामुख्याने एका संस्थेमुळे घेतले जाते. 'विशारद' किंवा 'अलंकार' झालेल्या एखाद्या विद्यार्थिनीला पलुस्कर कोण असे विचारले, तर गांधर्व महाविद्यालयाचे संस्थापक, हे उत्तर तत्काळ मिळते. ते गात कसे होते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. पंचविशीच्या आसपास ज्याने उत्तर हिंदुस्थानातल्या गावोगावच्या मैफली जिंकल्या, त्याच्या गायकीविषयी इतके मौन असावे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. या मौनाला काही अंशी ते स्वतःच कारणीभूत आहेत. ऐन उमेदीच्या वयात त्यांनी गायकपण गौण मानले आणि शिक्षकपण मुख्य. या निवडीतून हिंदुस्थानी संगीताला जे मिळाले त्याचे गोडवे आपण पुष्कळ गातो. त्याची किंमत काय पडली याचा हिशेब क्वचितच मांडतो.

कुरुंदवाडच्या एका हरिदासाच्या घरात त्यांचा जन्म झाला. वडील दिगंबर गोपाळ कीर्तनकार होते. दत्तजयंतीच्या वेळी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली आणि शालेय शिक्षण जवळजवळ संपले. उपचारांच्या निमित्ताने मुलगा मिरजेला आला, तेथील संस्थानिकांच्या कृपाछत्राखाली राहिला आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकू लागला. बाळकृष्णबुवांनी हद्दू खाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून ग्वाल्हेरची ख्यालगायकी मिळवली होती. ती महाराष्ट्रात रुजवण्याचे श्रेय सर्वांत आधी त्यांच्याकडे जाते. मिरजेतली तालीम जुन्या पद्धतीची होती. शिष्याने गुरुगृही राहायचे, पडेल ते काम करायचे, आणि गुरूच्या मर्जीने जे कानावर पडेल ते टिपायचे. एकच राग महिनोन्‌महिने चाले. शिकवण्याला वेळापत्रक नव्हते, शिकण्याला मुदत नव्हती. सुमारे नऊ वर्षे अशी गेली.

याच काळातला एक प्रसंग त्यांच्या बहुतेक चरित्रांत येतो. मिरजेतल्या एका समारंभाला विष्णु दिगंबरांना आमंत्रण होते, त्यांच्या गुरूंना नव्हते. विचारता कळले, की गवयाला सभ्य पाहुण्यांच्या पंक्तीत बोलावण्याचा प्रघात नाही. यांना बोलावले ते संस्थानिकांच्या मर्जीतले म्हणून. चरित्रकार या अपमानातून थेट गांधर्व महाविद्यालयाचा उगम काढतात. आयुष्याची दिशा एका प्रसंगाने ठरते, हा चरित्रवाङ्मयाचा आवडता संकेत आहे आणि तो थोडा सावधपणे घ्यावा. पण प्रसंगातली सामाजिक वस्तुस्थिती नाकारता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गवई हा आश्रित होता. त्याची कला वाखाणली जाई, पण त्याच्या शेजारी पाट मांडला जात नसे.

१८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली. सातारा, बडोदे, काठियावाड, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली, जालंधर असा प्रवास करीत ते लाहोरला पोचले. वाटेत राजकोटला त्यांनी तिकीट लावून जाहीर जलसा केल्याचे सांगितले जाते. हा तपशील वाटतो त्याहून महत्त्वाचा आहे. दरबारातल्या गाण्याला एक मालक असतो आणि बाकीचे त्याचे पाहुणे. तिकिटाच्या गाण्याला मालक नसतो, किंवा चार आणे देणारा प्रत्येकजण तेवढ्यापुरता मालक होतो. पुढे विद्यालय काढताना जी कल्पना कामी आली ती हीच : राजाची मर्जी जिथे होती, तिथे लोकांची वर्गणी आणि विद्यार्थ्यांची फी. अर्थात देणग्या संस्थानिकांकडूनही आल्या, आणि पंडितजींनी त्या आनंदाने घेतल्या. फरक एवढाच, की देणगी आता गायकाला नव्हती, संस्थेला होती. बिदागी आणि देणगी यांत जो मानाचा फरक आहे तो त्यांना नेमका कळला होता.

५ मे १९०१ रोजी लाहोरात गांधर्व महाविद्यालय सुरू झाले. एका मराठी गवयाने यासाठी लाहोर का निवडावे? हे शहर त्या वेळी इंग्रजी शिक्षणाचे, वर्तमानपत्रांचे, छापखान्यांचे आणि आर्यसमाजाचे केंद्र होते. दयानंद अँग्लो-वैदिक संस्थेने १८८६ पासून तेथे एक नमुना घालून दिला होता : धर्माभिमान स्वदेशी, शिक्षणयंत्रणा पाश्चात्त्य. पलुस्करांच्या विद्यालयाची घडण याच नमुन्याशी मिळतीजुळती आहे. सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थना एकीकडे. वर्ग, इयत्ता, वेळापत्रक, हजेरीपट, क्रमिक पुस्तके, परीक्षा आणि पदव्या दुसरीकडे. भावी शिक्षक तयार करणाऱ्या वर्गाला त्यांनी 'उपदेशक वर्ग' असे नाव दिले. संगीतशिक्षकाला उपदेशक म्हणावे, हे मिशनरी आणि समाजी वातावरणात राहिलेल्या माणसालाच सुचेल. या वर्गातल्या मुलांकडून नऊ वर्षांचा करार लिहून घेतला जाई. त्यांचे खाणे, राहणे, शिक्षण सारे विद्यालयाकडे. नऊ वर्षे हा आकडा वाचताना मिरजेची आठवण होते. गुरुकुल मोडले असे आपण म्हणतो खरे, पण त्यातला गाभ्याचा भाग त्यांनी कराराच्या भाषेत लिहून शाबूत ठेवला. बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी शाळा आणि आतल्यांसाठी गुरुगृह, अशी ही दुहेरी रचना होती. पुढे जे मोठे गायक निघाले ते जवळजवळ सगळे आतले.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. संगीताची पहिली शाळा पलुस्करांनी काढली, असे सर्रास छापले जाते. पुण्याचा गायन समाज १८७४ सालचा. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या पाठबळावर मौलाबक्षांनी १८८६ मध्ये गायनशाळा काढली, स्वतःची स्वरलिपी तयार केली, पुस्तके छापली. लाहोरचे वैशिष्ट्य पहिलेपणात नाही. एका व्यावसायिक गायकाने कोणत्याही एका दरबाराच्या आधाराशिवाय संस्था उभारली, आणि तिच्या शाखा काढता येतील अशा बेताने तिची रचना केली, यात ते आहे. शाळा एका गुरूच्या कंठावर अवलंबून राहू नये, ही दृष्टी मौलाबक्षांच्या शाळेलाही नव्हती असे नाही. पण तिचा विस्तार इतक्या जिद्दीने दुसऱ्या कोणी केला नाही.

वर्ग म्हटला की संगीताचे काय होते, हे साहित्याच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावे, कारण कविता पाठ्यपुस्तकात गेल्यावर जे होते त्याच्याशी याचे नाते आहे. प्रत्येक गळ्याचा षड्ज वेगळा असतो. तालमीत गुरू शिष्याच्या गळ्याकडे पाहून सूर धरतो किंवा शिष्याला आपल्या सुरात ओढतो. वर्गात तीस मुले असली की सूर एकच लागतो, आणि कोणाला तो उंच पडतो, कोणाला खाली. मग कानाने टिपायचे ते कागदावर आणावे लागते. कागदावर मात्रा येते, स्वर येतो. मींड, आंदोलन, स्वराला लागण्याची आणि सोडण्याची तऱ्हा येत नाही. पंडितजींची स्वरलिपी या बाबतीत भातखंड्यांच्या लिपीपेक्षा अधिक तपशीलवार होती. मात्रेच्या निरनिराळ्या अंशांसाठी तिच्यात वेगळ्या खुणा होत्या. त्याच कारणाने ती छापायला आणि वाचायला जड होती. भातखंड्यांची सोपी लिपी पसरली, पलुस्करांची त्यांच्या शिष्यपरिवारापुरती राहिली, आणि त्या परिवारानेही ती सुटसुटीत करून घेतली. ज्या माणसाची दृष्टी लहानपणी अधू झाली आणि ज्याची स्वतःची सगळी विद्या कानांनी आली, त्याने छापील खुणांवर एवढी श्रद्धा ठेवावी, यात विलक्षण काही आहे. 'संगीत बालबोध', 'संगीत बालप्रकाश' ही त्यांच्या पुस्तकांची नावे पाहिली तरी अपेक्षित वाचक कोण हे कळते. आधी मूल, मग मुलाचे आईबाप.

या आईबापांसाठीच बंदिशींच्या शब्दांत फेरफार झाले. ख्यालाच्या चिजा शृंगाराने भरलेल्या : सासू, नणंद, सवत, रात्रीचा जागर, परत न आलेला प्रियकर. मध्यमवर्गीय घरातली मुलगी हे शब्द वर्गात गाणार कशी? पंडितजींनी अनेक चिजांचे शब्द बदलले किंवा त्याच चालींत तुलसीदास, सूरदास, कबीर यांची पदे बसवली. हा निर्णय व्यवहारात यशस्वी ठरला, यात शंका नाही. स्त्रियांचे स्वतंत्र वर्ग निघाले, आणि पाहता पाहता गाणे येणे हा मुलीच्या बदनामीचा विषय न राहता गुण ठरू लागला. परंतु पाठसंस्करणाच्या दृष्टीने पाहिले तर हा प्रकार फार गंभीर आहे. बंदिशीत अर्थ गौण असतो, असे संगीतज्ञ म्हणतात. तसे असते तर शब्द बदलण्याची गरज पडली नसती. अर्थ पोचतो म्हणूनच तो बदलावा लागला. ज्या चिजा शतकानुशतके स्त्रीच्या तोंडून बोलत होत्या, त्यांतल्या काहींतली स्त्री या शुद्धीकरणात बाहेर गेली आणि तिच्या जागी भक्त आला. मराठीत लावणी आणि शाहिरी वाङ्मयाची जी वेचक संपादने त्याच सुमारास होत होती, त्यांच्या शेजारी ठेवून या बदलांचा कोणी अभ्यास केला तर एक चांगला प्रबंध होईल.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. विद्यालयाने घरंदाज मुलींना गाणे दिले, पण ज्या स्त्रियांनी हे गाणे तोवर जगवले होते त्यांना या विद्यालयात जागा नव्हती. त्या पिढीतले थोर स्त्रीकंठ वर्गाबाहेरच घडले. गोव्याच्या कलावंत परंपरेतून आलेल्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर अल्लादिया खाँकडे जुन्या तालमीने शिकल्या. मुसलमान उस्तादांचेही तसेच. जानकी बखले यांनी २००५ सालच्या आपल्या ग्रंथात पलुस्कर आणि भातखंडे यांच्या कार्याची जी चिकित्सा केली, तिचा रोख याच गोष्टीवर आहे : संगीताचे राष्ट्रीयीकरण होताना त्याला हिंदू भक्तीचा मुलामा बसला आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे विद्याधनी कडेला गेले. या चिकित्सेवर पुष्कळ वाद झाला. मला ती बहुतांशी पटते, मात्र तिला एक जोड द्यावीशी वाटते. पलुस्करांच्याच वर्षी, १८७२ मध्ये, किराण्यात जन्मलेल्या अब्दुल करीम खाँनी मिरज आपली मानली आणि पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. नावात 'आर्य', प्रमुख मुसलमान. म्हणजे शाळेचा ध्यास एका पक्षाचा नव्हता. गवयाला मान हवा तर त्याला संस्था हवी, हे त्या काळातल्या सर्वच जाणत्या गवयांनी ओळखले होते. खाँसाहेबांनी मात्र मैफल कधी सोडली नाही, ध्वनिमुद्रिका दिल्या, आणि आज शाळा विसरली गेली तरी त्यांचा सूर ऐकू येतो. पंडितजींचे नेमके उलट झाले. त्यांचे गाणे आपल्यापर्यंत येते ते शिष्यांच्या गळ्यांतून गाळून.

तानसेन घडवण्यापेक्षा कानसेन घडवावेत, हा विचार त्यांच्या नावावर सांगितला जातो. तो त्यांच्या धोरणाशी जुळतो. पण धोरण आणि हिशेब यांचे पटले नाही. १९०८ मध्ये मुंबईत शाखा निघाली आणि हळूहळू तेच मुख्य केंद्र झाले. सँडहर्स्ट रोडवर स्वतःची इमारत उभी राहिली. वसतिगृह, छापखाना, वाद्यांची दुरुस्ती, मासिक, परिषदा, सगळे एका छपराखाली आले. इमारत कर्जाची होती. उपदेशक वर्गातल्या मुलांकडून फी येत नव्हती. कर्जाचे हप्ते फेडण्यासाठी प्राचार्यांना पुन्हा गवई होऊन गावोगाव जलसे करीत फिरावे लागे, आणि ते फिरत असताना विद्यालयाकडे दुर्लक्ष होई. मैफल सोडून शाळा काढली, ती चालवायला मैफलच लागली. १९२४ च्या सुमारास सावकारांनी इमारतीचा लिलाव केला.

उतारवयात ते अधिकाधिक रामभक्तीकडे वळले. नाशिकला आश्रम काढला, भगवी वस्त्रे आली, तुलसीरामायणावरची निरूपणे गात-सांगत होऊ लागली. काही शिष्यांना हे संगीतापासून दूर जाणे वाटले. मला यात कुरुंदवाडच्या हरिदासाचा मुलगा घरी परतलेला दिसतो. मराठी कीर्तनकार एकाच वेळी गायक असतो आणि शिक्षक असतो. पूर्वरंगात तो समजावतो, उत्तररंगात रंगवतो. गाण्यासाठी जमलेल्या श्रोत्याला दोन गोष्टी शिकवून पाठवतो. कलावंताचा शिक्षणधुरीण होणे हे स्थित्यंतर आपल्याला मोठे वाटते, कारण आपण मैफल आणि वर्ग यांना दोन टोके मानतो. ज्याने बालपणी दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या अंगी पाहिल्या होत्या, त्याला ते तितके मोठे वाटले नसावे. काँग्रेसच्या अधिवेशनांतले त्यांचे 'वंदे मातरम्'ही याच जातीचे. १९२३ च्या काकीनाडा अधिवेशनात अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी गायनाला हरकत घेतली, तेव्हा पंडितजींनी ती मानली नाही आणि गीत पुरे केले. या प्रसंगाचा उपयोग आज जो तो आपापल्या सोयीने करतो; असो.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी शिष्यांनी अहमदाबादेत एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापले. इमारत गेली होती, आता संस्थापकही गेले. उरले होते करारबद्ध असलेले ते आतले विद्यार्थी. त्यांच्यात एकसारखे कोणीच नव्हते, आणि शाळेच्या साच्यातून सगळे एकाच छापाचे निघतात या आक्षेपाला एवढे उत्तर पुरेसे आहे. नारायण मोरेश्वर खरे गांधीजींच्या साबरमती आश्रमात गेले आणि १९३० च्या दांडीयात्रेत चालले. ओंकारनाथ ठाकुरांनी १९१६ मध्ये लाहोर शाखेची धुरा सांभाळली होती. पुढे ते काशी हिंदू विश्वविद्यालयात संगीताचे प्रमुख झाले. पण त्यांनी पलुस्करांची एक गोष्ट पाळली नाही : गाण्यातला नाट्यमय आवेश त्यांनी कधी सोडला नाही.

यांत विनायकराव पटवर्धनांची गोष्ट सर्वांत बोलकी आहे. १८९८ मध्ये मिरजेत जन्म, बालवयातच लाहोरला प्रयाण, विद्यालयाच्या निरनिराळ्या शाखांत अध्यापन, आणि १९२२ मध्ये थेट गंधर्व नाटक मंडळीत प्रवेश. बालगंधर्वांसमोर नायक म्हणून ते दहा वर्षे रंगभूमीवर उभे राहिले. 'माधुरी' या बोलपटातही त्यांनी काम केले. ज्या गुरूने गायकाला प्रतिष्ठा मिळावी म्हणून जन्म वेचला, त्याच्या शिष्याने तोंडाला रंग लावणे गुरूंना रुचले नाही. गुरू गेल्यावर वर्षभराच्या आतच विनायकरावांनी रंगभूमी सोडली आणि ८ मे १९३२ रोजी पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. गुरूने मैफल सोडून जे केले तेच त्यांनी नाटक सोडून केले. 'राग विज्ञान'चे सात भाग लिहून त्यांनी आलाप आणि तानादेखील कागदावर उतरवल्या. हे शिक्षकाचे औदार्य. गायक म्हणून मात्र ते लक्षात राहिले तराण्यामुळे, जिथे शब्द नाहीत आणि शुद्धीकरणाचाही प्रश्न नाही.

आणि बा. र. देवधर. त्यांनी १९२५ मध्ये मुंबईत स्वतःची शाळा काढली, पण तिची दारे सर्व घराण्यांना उघडी ठेवली. मिळेल त्या उस्तादाकडे बसून चिजा घेतल्या, त्यांच्या आठवणी लिहिल्या. 'थोर संगीतकार' वाचताना ज्या हिंदू-मुसलमान गवयांची चित्रे डोळ्यांपुढे उभी राहतात, त्यांच्याबद्दल इतक्या जिव्हाळ्याने मराठीत फार थोडे लिहिले गेले आहे. मंडळाचे 'संगीत कला विहार' हे मासिक १९४७ पासून निघू लागले, तेव्हा संपादक तेच होते. १९३६ मध्ये त्यांच्याकडे बेळगाव भागातून बारा वर्षांचा एक मुलगा आणण्यात आला. तो कोणाचेही गाणे एकदा ऐकून हुबेहूब म्हणत असे. देवधरांनी त्याला हजेरीपटात घातले की नाही कोण जाणे, पण नकलेपासून दूर नेण्यात काही वर्षे घालवली. हा मुलगा म्हणजे शिवपुत्र कोमकली, अर्थात कुमार गंधर्व.

विष्णु दिगंबरांच्या बारा अपत्यांपैकी एकच जगले. वडील गेले तेव्हा दत्तात्रेय दहा वर्षांचा होता. त्याला गाणे वडिलांकडून जेमतेम मिळाले. पुढची तालीम विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास या वडिलांच्या शिष्यांनी दिली, त्यातली बरीच पुण्याच्या विद्यालयात. म्हणजे मुलाच्या गळ्यात बापाची गायकी पोचवली ती बापाने काढलेल्या शाळेने. १९३५ मध्ये, चौदाव्या वर्षी, तो जालंधरच्या हरवल्लभ संमेलनात पहिल्यांदा गायला. हे तेच जालंधर, जिथे वडील लाहोरला जाण्यापूर्वी थांबले होते. १९५५ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, द. वि. पलुस्कर वारले. त्यांच्या ध्वनिमुद्रिका आहेत. नितळ आवाज, नेटकी मांडणी, कोठेही अतिरेक नाही. आणि भजने ख्यालाइतक्याच मनापासून गायलेली.